डब्यातल्या चिठ्ठ्या

महाराष्ट्रातल्या पगारदार माणसाच्या पगारपत्रकावर एक छोटीशी वजावट असते: व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. प्राप्तिकरावरून घरोघरी चर्चा झडतात, पण या दोनशे रुपयांची कोणी चौकशी करत नाही. १९७५ साली हा कर आला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. दुष्काळात खेड्यातल्या माणसाला काम मिळावं म्हणून शहरातल्या नोकरदाराने थोडा भार उचलावा, असा तो हिशेब होता. एका कामासाठी एक कर बांधून ठेवायचा, ही कल्पना त्यामुळे आपल्याला नवी नाही. अवघड प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कामाच्या नावाने गोळा झालेला पैसा त्याच कामावर खर्च होतो की नाही, हे कोण बघतं? आणि होत नसेल तर सामान्य माणूस काय करू शकतो?

‘अमुक कोटींची तरतूद’ असा मथळा वाचून हुरळून जायचं नाही, एवढं आपण अनुभवाने शिकलो आहोत. तरतूद वेगळी, निधी हातात पडणं वेगळं. अमेरिकेत निसर्गरक्षणाच्या एका निधीबाबत हाच फरक अर्धशतक टिकला आणि तो मिटवायला शिकारी, गळ टाकून मासे धरणारे, गिर्यारोहक, गावोगावचे महापौर आणि तंबू विकणारे दुकानदार एकत्र आले. ती यंत्रणा कशी चालते, ते उलगडून पाहण्यासारखं आहे.

साग विकला, पैसे कुठे गेले?

३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दोन कायद्यांवर सह्या केल्या. एक होता अरण्यप्रदेश अस्पर्श राखणारा ‘वाइल्डरनेस कायदा’. नाव, कीर्ती सगळी त्याला मिळाली. दुसरा दिसायला रूक्ष होता, कारण तो पैशाचा होता. त्याने ‘लँड अँड वॉटर कॉन्झर्व्हेशन फंड’, म्हणजे जमीन आणि जलसंवर्धन निधी, स्थापन केला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारी वाढल्या, सुट्ट्या वाढल्या, आणि लोक झुंडीने बाहेर पडू लागले. त्यांना जायला मोकळ्या जागा पुरेनात. जमिनी विकत घ्यायच्या, उद्यानं वाढवायची, गावांना मैदानं आणि नदीकाठचे धक्के बांधायला मदत करायची, यासाठी हा निधी होता.

सुरुवातीला पैसा येणार होता प्रवेशशुल्कातून, सरकारी मालमत्तेच्या विक्रीतून आणि मोटारबोटींच्या इंधनावरच्या करातून. तो अपुरा पडला. १९६८ साली एक मोठा झरा जोडला गेला: समुद्रातल्या तेल आणि वायूच्या विहिरींवर सरकारला मिळणारी रॉयल्टी आणि भाडेपट्टा. यामागचं तर्कशास्त्र मला फार आवडतं. निसर्गातली एक गोष्ट आपण कायमची उपसून विकतो आहोत, तर त्यातला थोडा पैसा निसर्गातल्याच दुसऱ्या गोष्टीत घालायचा. करदात्याच्या खिशाला नवा चिमटा नाही. निधीत जमा करायच्या रकमेची मर्यादा वाढत वाढत १९७८ पासून वर्षाला ९० कोटी डॉलरवर जाऊन थांबली.

आता घोटाळा कुठे झाला? एक एकत्र कुटुंब डोळ्यांसमोर आणा. पणजोबांनी लावलेला साग दरवर्षी थोडा थोडा विकला जातो. कर्त्या माणसाने सगळ्यांदेखत ठरवलं की या पैशातले नव्वद हजार नव्या लागवडीसाठी फडताळातल्या डब्यात ठेवायचे. पहिल्या वर्षी लग्न निघालं. पैसे तिकडे गेले आणि डब्यात चिठ्ठी पडली: ‘नव्वद हजार येणे.’ दुसऱ्या वर्षी ट्रॅक्टरचा हप्ता, पुन्हा चिठ्ठी. मधूनच कोणी फार लावून धरलं तर तीस-चाळीस हजार खरोखर सुटायचे. वीस वर्षांनी डबा उघडला तर आत चिठ्ठ्यांची चळत. हिशेबाच्या वहीत लागवडीच्या नावावर लाखो रुपये आणि शेताच्या बांधावर जेमतेम काही रोपं. यात चोरी कोणीच केलेली नाही. प्रत्येक वर्षीचा खर्च खराच होता.

अमेरिकेच्या तिजोरीत नेमकं हेच झालं. दरवर्षी निधीच्या खात्यावर ९० कोटी डॉलर ‘जमा’ दाखवले जात आणि प्रत्यक्षात त्यातला काही भागच मिळे. बाकीचा देशाच्या इतर खर्चात विरून जाई. पूर्ण रक्कम मिळाल्याची वर्षं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. २०२० पर्यंत न मिळालेली रक्कम सुमारे २,२०० कोटी डॉलरवर गेली होती. कागदावर ती निधीचीच होती.

एका दाराला दोन कुलपं

हे कायद्याने कसं शक्य होतं? अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, पैशाच्या दाराला दोन कुलपं असतात. पहिलं कुलूप उघडतो तो परवानगीचा कायदा: अमुक काम करावं, त्यावर अमुक इतका पैसा खर्च करता येईल. दुसरं उघडतो तो विनियोजनाचा कायदा, म्हणजे या वर्षी खरोखर इतका पैसा द्या असा दरवर्षीचा आदेश. हे दुसरं काम सिनेट आणि प्रतिनिधीगृह या दोन्ही सभागृहांतल्या विनियोजन समित्यांकडे असतं आणि त्यांचा रुबाब मोठा. पहिला कायदा कितीही थाटात झाला तरी या समित्यांच्या दारात दरवर्षी उभं राहावं लागतं.

काही खर्च मात्र या दुसऱ्या कुलपातून सुटलेले असतात. उदाहरणार्थ, वृद्धांचं निवृत्तिवेतन. मूळ कायद्यातच लिहिलेलं असतं की पैसा द्यायचाच आहे, दरवर्षी वेगळं विचारायचं नाही. याला बंधनकारक खर्च म्हणतात. निधीच्या मागे लागलेल्या लोकांची मागणी दोनच ओळींची होती. निधीची मुदत कायमची करा आणि त्याचा खर्च बंधनकारक करा. ऐकायला सोपी मागणी, पण तिचा अर्थ असा होतो की विनियोजन समितीने आपल्या हातातली किल्ली स्वतःहून खाली ठेवायची. कोणता कर्ता माणूस तसं सहजासहजी करेल?

शिवाय विरोधकांच्या म्हणण्यातही तथ्य होतं, ते उडवून लावणं बरोबर नाही. युटा राज्यातली साठ टक्क्यांहून अधिक जमीन केंद्र सरकारची आहे, नेवाडात तर सुमारे ऐंशी टक्के. अमेरिकेत शाळा बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता करावर चालतात. जमीन सरकारने विकत घेतली की ती त्या करातून बाहेर पडते. केंद्र त्याबद्दल थोडी भरपाई देतं, पण ती पुरत नाही अशी तक्रार जुनी आहे. युटाचे प्रतिनिधी रॉब बिशप काँग्रेसमध्ये येण्यापूर्वी शाळेत शिकवत. हे गृहस्थ नैसर्गिक साधनसंपत्ती समितीचे अध्यक्ष असताना निधीला सर्वात जास्त अडवून धरत होते. ते विचारत, आहेत त्या राष्ट्रीय उद्यानांची सुमारे १,२०० कोटी डॉलरची दुरुस्ती तुंबलेली असताना नव्या जमिनी कशाला घेता? लुइझियानासारखी आखाताकाठची राज्यं म्हणत, तेलविहिरी आमच्या किनाऱ्यावर, किनारा आमचा खचतो, आणि पैसा डोंगरातल्या राज्यांना का?

एका फोनची किंमत

अशा वेळी साधा मतदार काय करू शकतो? वॉशिंग्टनमधल्या प्रतिनिधीच्या कार्यालयात फोन वाजतो. उचलतो तो बहुधा विशीतला प्रशिक्षणार्थी. तो पहिल्यांदा नाव आणि झिप कोड, म्हणजे पिन कोड, विचारतो. झिप कोड मतदारसंघाबाहेरचा निघाला तर सौजन्याने ऐकून घेतलं जातं आणि विषय तिथेच संपतो. मतदारसंघातला असेल तर विधेयकाचा क्रमांक आणि बाजूने की विरोधात, एवढी नोंद होते. या नोंदींची बेरीज प्रतिनिधीच्या टेबलावर जाते. हजार जणांनी एकाच मजकुराचे ईमेल पाठवले तर त्यांचा एक गठ्ठा मोजला जातो. एकाने स्वतःच्या शब्दांत लिहिलं, आपल्या तळ्याचं नाव लिहिलं, तर कोणीतरी ते वाचतं.

स्थानिक वर्तमानपत्रातलं पत्र आणखी कामाचं. प्रत्येक कार्यालय आपल्या साहेबांचं नाव कुठे छापून आलं त्याची कात्रणं रोज गोळा करतं. म्हणून अनुभवी कार्यकर्ते नवख्यांना सांगतात की पत्रात प्रतिनिधीचं नाव घाला. नाव असेल तर ते पत्र कात्रणांत जातं, नाहीतर वाचकांपुरतं राहतं.

यापेक्षा मोठा परिणाम समोरासमोर भेटण्याचा. ऑगस्टमध्ये काँग्रेसला सुट्टी असते आणि प्रतिनिधी आपापल्या गावी असतात. तेव्हा त्यांना सभागृहात नव्हे, तर प्रत्यक्ष जागेवर बोलावतात: निधीच्या पैशातून झालेला नदीकाठचा धक्का, मुलांचं बेसबॉलचं मैदान, पोहण्याचा तलाव. इथे या निधीची एक राजकीय चतुराई उपयोगी पडते. त्याचा एक हिस्सा राज्यांना आणि गावांना अनुदान म्हणून जातो, अर्धा पैसा केंद्राचा, अर्धा त्यांचा. गेल्या अर्धशतकात अशी ४० हजारांहून अधिक कामं झाली आणि निधीचा पैसा पोचला नाही अशी काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, अमेरिकेत शोधून सापडणं कठीण. म्हणजे यलोस्टोनसारख्या जगप्रसिद्ध उद्यानाचा कैवारी शोधावा लागत नाही, पण चार हजार वस्तीच्या गावातल्या मैदानाचाही कैवारी काँग्रेसमध्ये मिळू शकतो. न्यू जर्सीतली मराठी मंडळी उन्हाळ्यात ज्या काउंटी पार्कांत सहली काढतात, तिथल्या एखाद्या फाटकाशी या निधीची पाटी असू शकते. ती पाटी म्हणजे एक बंधनही आहे. या पैशातून झालेली जागा कायम खुल्या मैदानी वापरासाठीच ठेवावी लागते. तिचा दुसरा वापर करायचा तर तेवढ्याच मोलाची दुसरी जागा द्यावी लागते.

भेटीला कोण जातं, यालाही महत्त्व असतं. शहरातला पर्यावरणवादी गेला तर ग्रामीण रिपब्लिकन प्रतिनिधी आधीच कपाळाला आठ्या घालून बसतो. त्याच्याकडे शिकारी जातो, गळवाला जातो, आपल्या दुकानात किती जण कामाला आहेत ते सांगणारा बूट-तंबूंचा व्यापारी जातो. मोंटानासारख्या राज्यात शिकार हा घराघरातला विषय आहे. एल्क हरणांच्या मागे जायचं तर सरकारी जमिनीपर्यंत पोचावं लागतं, आणि मध्ये खासगी कुरणांची कुंपणं आडवी येतात. निधीच्या पैशाने एक छोटा पट्टा विकत घेतला की मागचा मोठा डोंगर सगळ्यांसाठी खुला होतो. हे सांगायला तिथल्या शिकाऱ्याला कोणाच्या प्रशिक्षणाची गरज नसते.

> चौकट: संस्थांच्या हाताला दोरी
>
> देणगीवर करसवलत मिळणाऱ्या अमेरिकी धर्मादाय संस्थांना कायद्यासाठी रदबदली करता येते, पण बेताने. १९७६ च्या तरतुदीनुसार ज्या संस्था खर्चाचं मोजमाप स्वीकारतात, त्यांना पहिल्या पाच लाख डॉलर खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम या कामावर घालता येते. पुढच्या टप्प्यांना टक्का घटत जातो. त्यातही दोन प्रकार आहेत. संस्थेने स्वतः प्रतिनिधीला भेटणं हा एक. ‘तुम्ही तुमच्या प्रतिनिधीला फोन करा’ असं जनतेला सांगणं हा दुसरा, आणि त्यावर एकूण मुभेच्या चौथ्या हिश्शाएवढाच खर्च चालतो. निवडणुकीत अमक्याला मत द्या, असं सांगण्याला पूर्ण बंदी. स्वतःहून फोन करणाऱ्या नागरिकाला यातलं काहीच लागू नाही.

इलिनॉयच्या बागकाम मंडळांतल्या बायका

ही पद्धत इंटरनेटच्या काळातली समजू नये. १९३० च्या दशकात अमेरिकेत धुळीची वादळं उठत होती, पाणथळ जागा आटल्या होत्या, बदकं आणि हरणं झपाट्याने कमी झाली होती. ‘डिंग’ या नावाने चित्रं काढणारे व्यंगचित्रकार जे डार्लिंग यांना सरकारने वन्यजीव खात्याचं प्रमुखपद दिलं. १९३४ साली बदकांच्या शिकाऱ्यांना एक डॉलरचं तिकीट सक्तीचं झालं आणि त्या पहिल्या तिकिटावरचं चित्र डार्लिंग यांनीच काढलं. पुढे १९३६ साली त्यांच्या पुढाकाराने देशभरातले शिकारी, शेतकरी आणि बागकाम मंडळांचे लोक वॉशिंग्टनमध्ये जमले. त्यातून आज नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशन म्हणून ओळखली जाणारी संघटना उभी राहिली.

त्या गोटातले कार्ल शूमेकर यांनी एका विधेयकाचा मसुदा केला. बंदुका आणि काडतुसांवर आधीच असलेला केंद्रीय कर सरळ राज्यांच्या वन्यजीव खात्यांना द्यावा, असा त्याचा गाभा. सिनेटमध्ये की पिटमन आणि प्रतिनिधीगृहात विलिस रॉबर्टसन यांनी तो उचलला. रॉबर्टसन यांनी एक खमकी अट घातली: शिकार परवान्यांचं शुल्क जे राज्य दुसरीकडे वळवेल, त्याला यातला छदामही मिळणार नाही. डब्यात चिठ्ठ्या टाकायची वाटच बंद.

विधेयक इलिनॉयचे प्रतिनिधी स्कॉट लुकस यांच्याकडे अडकलं. मग काय झालं याची हकिगत संवर्धनाच्या वर्तुळात अजून सांगतात. शूमेकर यांनी इलिनॉयमधल्या बागकाम मंडळांना आणि महिला मंडळांना निरोप धाडले. लुकस यांच्यावर पत्रांचा असा भडिमार झाला की त्यांनी शूमेकर यांना गाठून, या बायकांना एकदा आवरा, विधेयक लगेच पुढे पाठवतो, अशी विनवणी केली म्हणे. २ सप्टेंबर १९३७ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची सही झाली. हा ‘पिटमन-रॉबर्टसन कायदा’ आजही चालू आहे. रायफली, शॉटगन आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो राज्यांना वाटला जातो.

देशभरातून हजारो पत्रं गोळा करायच्या नादी शूमेकर लागले नाहीत. विधेयक एका माणसाच्या टेबलावर अडलं होतं, त्याला निवडून देणाऱ्यांनाच त्यांनी जागं केलं. मोहिमा चालवणारे आजही सगळ्यात आधी हाच नकाशा काढतात: समिती कोणती, त्यातली डळमळीत मतं कोणाची, आणि त्यांच्या गावात आपलं कोण आहे.

मुदत संपली आणि लोक जागे झाले

जमीन आणि जलसंवर्धन निधीला मुदत होती. ३० सप्टेंबर २०१५ रोजी ती पहिल्यांदाच संपू दिली गेली. डिसेंबरमध्ये तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली. २०१८ साली ती पुन्हा संपली. माझ्या मते विरोधकांनी इथे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. अर्धवट का होईना, निधी चालू होता तोवर लोकांना त्याची तक्रार समजावून सांगणं कठीण होतं. ‘विनियोजन पूर्ण होत नाही’ या वाक्याने कोणाचं रक्त तापत नाही. ‘उद्यानांचा निधी बंद पडला’ हे मात्र वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छापता येतं.

मार्च २०१९ मध्ये निधी कायमस्वरूपी झाला. सिनेटमध्ये ९२ विरुद्ध ८, प्रतिनिधीगृहात ३६३ विरुद्ध ६२. डोनाल्ड ट्रम्प यांच्या कारकिर्दीत, दोन्ही पक्ष एकमेकांचं तोंड पाहायला तयार नसताना मिळालेली ही मतं आहेत. पण ही झाली पहिल्या कुलपाची गोष्ट. दुसरं तसंच होतं.

ते कसं उघडलं, यात लोकदबावाइतकंच पंचांगही होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रम्प सरकारच्या अंदाजपत्रकाने निधीला जवळजवळ पूर्ण कात्री लावली होती. त्याच वर्षी कोलोरॅडोचे कोरी गार्डनर आणि मोंटानाचे स्टीव्ह डेन्स या दोन रिपब्लिकन सिनेटरांची निवडणूक होती. दोन्ही राज्यांत डोंगर, नद्या, शिकार हे मतांचे विषय. दोघांनी राष्ट्राध्यक्षांची भेट घेऊन त्यांना आपल्या भागातल्या जागांची छायाचित्रं दाखवली, आणि ३ मार्चला ट्रम्प यांनी निधी पूर्णपणे आणि कायमचा देणारं विधेयक पाठवा, असं जाहीर केलं. अशा वेळी महिनाभरापूर्वीचं अंदाजपत्रक उगाळत बसण्यात अर्थ नव्हता. राजकारणात काही वेळा गप्प बसणं हीसुद्धा कार्यकर्त्याची कसोटी असते.

‘ग्रेट अमेरिकन आउटडोअर्स ॲक्ट’ नावाचं हे विधेयक जूनमध्ये सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २५ आणि जुलैत प्रतिनिधीगृहात ३१० विरुद्ध १०७ मतांनी संमत झालं. ४ ऑगस्ट २०२० रोजी सही झाली. दरवर्षीचे ९० कोटी डॉलर बंधनकारक झाले. बिशप यांच्या गोटातल्या आक्षेपालाही उत्तर दिलं गेलं: तुंबलेल्या दुरुस्त्यांसाठी पाच वर्षं दरवर्षी १९० कोटी डॉलरपर्यंतची वेगळी सोय झाली. तडजोड अशी असते. समोरच्याचा खरा मुद्दा विधेयकात घेतला की त्याच्या बाजूची काही मतं सुटून आपल्याकडे येतात.

नोव्हेंबरमध्ये डेन्स जिंकले, गार्डनर हरले. चांगलं विधेयक आणल्याबद्दल मतदार आभार मानतीलच असं नाही.

जो पैसा देतो, तो काय मागतो?

अशा मोहिमा एका प्रश्नावर हमखास अडतात, आणि तो म्हणजे पैसा कोणाच्या खिशातून. शिकाऱ्यांच्या करातून आलेला पैसा साहजिकच हरीण, टर्की, बदक अशा शिकारीच्या प्राण्यांकडे जास्त वळला. बेडूक, गोड्या पाण्यातले शिंपले, छोटे गाणारे पक्षी यांचं बंदुकीच्या करात कोणी नव्हतं. १९९० च्या दशकात दुर्बिणी आणि पाठपिशव्यांवरही कर लावा, अशी मोहीम निघाली. उद्योगाने विरोध केला आणि ती बारगळली.

मिझुरी राज्यातल्या लोकांनी वेगळी वाट शोधली. तिथे पुरेशा सह्या गोळा केल्या तर नागरिकांना घटनादुरुस्ती थेट मतदानाला टाकता येते. त्यांचा पहिला प्रयत्न होता थंड पेयांवरच्या कराचा. सह्या मिळाल्या, पण मसुद्यात कायद्याला लागणारं एक ठरावीक वाक्य राहून गेलं आणि सगळी मेहनत पाण्यात गेली. नंतर त्यांनी सर्वांवर सारखा बसणारा, पण जाणवणार नाही इतका लहान कर निवडला: विक्रीकरात एक टक्क्याचा आठवा भाग. आठशे डॉलरच्या खरेदीवर एक डॉलर. दोन लाखांहून अधिक सह्या घेऊन नोव्हेंबर १९७६ मध्ये तो मतदानाला गेला आणि जेमतेम बहुमताने पार झाला. घटनेतच लिहिलेला असल्यामुळे तिथल्या विधिमंडळाला तो दुसरीकडे वळवता येत नाही. २००८ साली मिनेसोटाने असाच तीन अष्टमांश टक्क्याचा कर पंचवीस वर्षांसाठी मंजूर केला. तिथे नियम आणखी कडक होता: मतपत्रिकेवरचा तो प्रश्न कोरा सोडला तरी ते मत विरोधात धरलं जाई. त्यामुळे ‘होय म्हणा’ याबरोबरच ‘पान उलटा’ हेही प्रचारकांना दारोदार सांगावं लागलं.

हा खिशाचा प्रश्न सुटला नाही तर काय होतं, ते ‘रिकव्हरिंग अमेरिकाज वाइल्डलाइफ ॲक्ट’ या विधेयकाने दाखवलं. राज्यांच्या याद्यांत संकटात असलेल्या १२ हजारांहून अधिक प्रजाती आहेत. त्यांच्यासाठी राज्यांना आणि मूलनिवासी जमातींना मिळून वर्षाला सुमारे १४० कोटी डॉलर द्यावेत, अशी त्यात तरतूद होती. जून २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात ते २३१ विरुद्ध १९० असं पार झालं. सिनेटमध्ये दोन्ही पक्षांचे पाठीराखे होते, पण पैसा कुठून आणायचा यावर एकमत होईना. क्रिप्टो चलनाच्या करवसुलीतून आणू, इथपर्यंत सूचना गेली. डिसेंबरमध्ये वर्षअखेरच्या मोठ्या खर्चविधेयकात त्याला जागा मिळाली नाही. फोन पुष्कळ झाले होते, भेटीही झाल्या होत्या. पैशाचा झरा तेवढा ठरला नव्हता.

आपल्याकडे फोन कोणाला करायचा?

भारतात हे सगळं जसंच्या तसं उचलता येत नाही, आणि त्याचं कारण आपली उदासीनता नाही. अमेरिकेत प्रतिनिधी पक्षाविरुद्ध मत देऊ शकतो, म्हणून एकेका मताची किंमत असते. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप निघाला की खासदाराला तो पाळावाच लागतो. तिजोरीतून खर्च होणारं विधेयक राष्ट्रपतींच्या, म्हणजे पर्यायाने सरकारच्या, शिफारशीशिवाय संमत होऊ शकत नाही. १९७० नंतर खासगी सदस्याचं एकही विधेयक कायदा झालेलं नाही. तेव्हा आपल्या खासदाराला हजार फोन केले तरी निधीचा कायदा त्याच्या हातात नसतो.

पण चिठ्ठ्यांचा डबा आपल्याकडेही होता. खाण, धरण, रस्ता यांसाठी वनजमीन घेणाऱ्यांकडून भरपाईचा पैसा घ्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली गोदावर्मन खटल्यात दिला. पैसा जमत गेला. तो सांभाळायला २००६ मध्ये हंगामी ‘कॅम्पा’ प्राधिकरण नेमलं गेलं. २००८ चं विधेयक लोकसभेत संमत होऊन राज्यसभेत अडलं. दरम्यान राज्यांना थोडा थोडा पैसा सुटत होता आणि मूळ रक्कम बँकेत फुगत होती. अखेर २०१६ साली भरपाई वनीकरण निधीचा कायदा झाला, २०१८ मध्ये नियम आले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ४७ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम राज्यांकडे गेली. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले सुमारे ३,८०० कोटी आले.

कायद्यावरची लढाई मात्र पैसा किती यावर झाली नाही. वनहक्क चळवळीतल्या लोकांचा आक्षेप वेगळा होता: गावाच्या सामूहिक जंगलात गावाला न विचारता साग किंवा निलगिरी लावली जाते, तर या पैशावर ग्रामसभेचा शब्द चालला पाहिजे. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवलेल्या गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) सारख्या गावांच्या दृष्टीने हा जगण्याचा प्रश्न आहे. राज्यसभेत जयराम रमेश यांनी ग्रामसभेच्या संमतीची दुरुस्ती मांडली आणि नियमांत काळजी घेऊ, या मंत्री अनिल माधव दवे यांच्या आश्वासनावर ती मागे घेतली. नियमांत आला तो ‘सल्लामसलत’ हा शब्द, आणि तोही ग्रामसभा किंवा वनसमिती अशा पर्यायासह. संमती नाही.

तरीही त्या शब्दात थोडा वाव आहे. कायद्यानुसार राज्यांकडे जमा होणाऱ्या रकमेचा ९० टक्के भाग राज्याकडे राहतो. तो कशावर खर्च होणार याचा वार्षिक आराखडा आधी वनविभागाच्या पातळीवर तयार होतो, मग राज्याच्या समित्यांतून दिल्लीला मंजुरीसाठी जातो. कुठल्या टेकडीवर साग आणि कुठे नुसतं गवत राखायचं, हे त्या पहिल्या मसुद्यात उतरतं, म्हणजे उपवनसंरक्षकाच्या कार्यालयात, आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या कितीतरी आधी. दिल्लीहून मंजूर होऊन आलेल्या आराखड्यावर हरकत घेणं कठीण जातं. मसुदा तयार होत असताना ग्रामसभेचा ठराव, गट क्रमांक आणि हद्दीचा नकाशा घेऊन गेलं, तर निदान आवक नोंदवहीत तारीख पडते आणि पुढे माहितीच्या अधिकारात त्याच तारखेचा पाठपुरावा करता येतो.